घुर्रर्र... आणि म्हणे कॉम्प्रेसर गेला!

नाशकात घरातला फ्रिज किंवा फ्रीझर आवाज करायला लागला की हमखास दोन वाक्यं ऐकू येतात. पहिलं, "कॉम्प्रेसर गेलाय." दुसरं, "एवढ्या पैशात नवीन येईल." या दोन वाक्यांच्या मध्ये साधारण चार मिनिटं जातात. त्यातलं एक पाणी पिण्यात, एक बिलबुकात नाव-पत्ता लिहिण्यात आणि उरलेली दोन "साहेब आहेत का घरी?" हे विचारण्यात. फ्रिज भिंतीपासून पुढे ओढला जात नाही, मागची जाळी उघडली जात नाही, खाली वाकून कोणी बघत नाही. ज्या आवाजासाठी माणूस बोलावला तो आवाज सुद्धा धड ऐकला जात नाही, कारण तेवढ्यात त्याचा मोबाइल वाजतो.

मंडळी, आज मी भांडायलाच बसले आहे, तेव्हा आधीच सांगून टाकते. फ्रीझर आतलं सगळं दगडासारखं गोठवतोय, फक्त आवाज करतोय, आणि त्याला हात न लावता "कॉम्प्रेसर गेला" म्हणणारा माणूस आपल्याकडे दुरुस्तीला आलेलाच नसतो. तो विकायला आलेला असतो. आणि त्याला ही सवय लावण्यात कंपन्यांचा जितका हात आहे, तितकाच आपल्या सगळ्यांचा. हे दुसरं वाक्य आमच्या काही नातेवाईकांना झोंबणार आहे. झोंबू दे.

आधी थोडं यंत्राबद्दल. घाबरू नका, वर्ग घेत नाही. फ्रिजच्या मागे खालच्या बाजूला काळ्या मडक्यासारखं जे दिसतं तो कॉम्प्रेसर. त्या मडक्यात मोटर आणि पिस्टन स्प्रिंगांवर बसवलेले असतात आणि वरून सगळं वेल्डिंग करून कायमचं बंद केलेलं असतं. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. साध्या, म्हणजे इन्व्हर्टर नसलेल्या कॉम्प्रेसरची मोटर त्यावर मिनिटाला साधारण २,९०० फेरे मारते आणि तिच्यातला लोहचुंबकाचा खेळ सेकंदाला १०० वेळा ओढाताण करतो. म्हणून जी बारीक गुणगुण असते ती जन्मापासूनची. ती आहे म्हणजे फ्रिज जिवंत आहे. इन्व्हर्टरवाल्या नव्या फ्रिजमध्ये मोटरचा वेग गरजेप्रमाणे कमीजास्त होतो, त्यामुळे सूर पण बदलतो. दुपारी दार पन्नास वेळा उघडलं की चढा, पहाटे मंद. नवा फ्रिज घेतलेले लोक पहिल्या आठवड्यात दचकतात ते याच्यामुळे. कॉम्प्रेसर थांबल्यावर नळ्यांतला दाब सारखा होताना पाणी वाहिल्यासारखा खळखळाट येतो, आणि आतलं प्लास्टिक आकुंचन पावताना मध्येच टक्कन वाजतं. रात्री दोन वाजता ते टक् फार मोठं वाटतं खरं, पण त्यात काही बिघडलेलं नसतं.

आता बिघाडाचे आवाज. इथे मात्र जरा थांबते, कारण सगळी फसवाफसवी इथे होते.

फ्रॉस्ट-फ्री फ्रिजमध्ये आत एक छोटा पंखा असतो, तो गार हवा खेळवतो. पंख्याजवळच्या नळ्यांवर साठणारं बर्फ वितळवायला एक हीटर असतो आणि त्याला वेळेवर चालू-बंद करायला टायमर किंवा सेन्सर. यातलं काही एक बिघडलं की बर्फ वाढत जातं आणि एक दिवस पंख्याची पाती त्याला घासायला लागतात. टर्रर्र, टर्रर्र, सायकलच्या चाकात पत्ता अडकवल्यासारखं. पुष्कळ मॉडेलमध्ये फ्रीझरचं दार उघडलं की पंखा बंद होतो. म्हणजे परीक्षा सोपी आहे. दार उघडा. आवाज गेला? मग दाराच्या चौकटीतलं बटण बोटाने दाबून धरा. आवाज परत आला? तर तो पंख्याचा आवाज आहे, कॉम्प्रेसरचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही. प्लग काढून, दार उघडं ठेवून, खाली जुनी चादर अंथरून एक दिवस बर्फ वितळू द्या. (सुरी आणि उलथनं घेऊन बर्फ फोडायला जाऊ नका, आत नळी फुटली की खरोखरच मोठा खर्च येतो.) काही दिवसांनी आवाज परत आला तर हीटर, थर्मोस्टॅट, टायमर यांच्यापैकी कोणीतरी रजेवर आहे. हे सगळे बाहेरून बदलता येणारे भाग आहेत.

दुसरा आवाज म्हणजे खडखड. मागे कॉम्प्रेसरच्या वर एक प्लास्टिकचा ट्रे असतो, वितळलेलं पाणी त्यात पडतं आणि कॉम्प्रेसरच्या उष्णतेने उडून जातं. तो ट्रे सैल झाला की खडखडतो. फ्रिजवर ठेवलेले स्टीलचे डबे, लोणच्याच्या बरण्या, गणपतीतलं उरलेलं मखर हे पण खडखडतं. मागची जाळी भिंतीला टेकली की भिंत गुणगुणायला लागते. चार पायांपैकी एक पाय अधांतरी असेल तर आख्खा फ्रिज थरथरतो. यातल्या कुठल्याही गोष्टीला एक रुपयाचा पार्ट लागत नाही.

तिसरा आवाज जरा काळजीचा. टक्... हुंम्म्म... टक्. दोनपाच मिनिटांनी पुन्हा तेच. आणि आत गार होत नाही. मोटर सुरू व्हायला बघते, होत नाही, आणि ओव्हरलोड तिला बंद पाडतो. याला कारण रिले असू शकतो, व्होल्टेज कमी असू शकतं, आणि हो, मोटर अडकलेली असू शकते. पण रिले आणि ओव्हरलोड कॉम्प्रेसरच्या अंगावर बाहेरून लावलेले असतात, काही शे रुपयांचा मामला. आधी ते बघायचं, मग मडक्याला दोष द्यायचा. हा क्रम उलटा करणाऱ्याला मी मेकॅनिक म्हणत नाही.

कॉम्प्रेसर कधीच जात नाही असं मी म्हणत नाहीये. सुरू होताना आणि थांबताना मडक्याच्या आतून लोखंडावर लोखंड आपटल्यासारखा खण्ण आवाज येत असेल, तर आतली स्प्रिंग तुटलेली असू शकते. नवा रिले टाकून, व्होल्टेज बरोबर असूनही मोटर नुसती हुंकारत असेल, किंवा फ्रिजच्या पाटीवर छापलेल्या अँपिअरपेक्षा खूप जास्त करंट ओढत असेल, तर गेला तो. पण हे कळायला क्लॅम्प मीटर तारेभोवती लावावा लागतो, आकडा वाचावा लागतो. तेवढं करून "गेला" म्हणालात तर माझी काही तक्रार नाही.

आता आमच्या वहिनीची गोष्ट. पाथर्डी फाट्याजवळ तिचा दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट आहे आणि मागच्या ड्राय बाल्कनीत २०० लिटरचा डीप फ्रीझर आहे. हिवाळ्यात मटार, उन्हाळ्यात आमरस, गणपतीत मोदकाचं सारण, असा तिचा घरगुती उद्योग. मोठं काही नाही, पण धाकट्याच्या क्लासची फी त्यातून जाते. हा फ्रीझर सहा वर्षांचा. गेल्या मे महिन्यात तो रात्री घुर्रर्र करायला लागला, इतका की खालच्या मजल्यावरच्या आजी दोन वेळा वर येऊन गेल्या. बिचाऱ्या भांडायला नाही, "अगं, आमच्या बेडरूमचं छत वाजतंय" असं सांगायला. बाहेर पारा चाळिशीला टेकलेला, आणि आत साठेक किलो हापूसचा रस.

कंपनीचा माणूस आला. (कुठली कंपनी ते सांगणार नाही. नाव बदललं तरी गोष्ट तीच राहते.) दारातूनच म्हणाला, "मॅडम, कॉम्प्रेसर. साडेनऊ हजार, गॅस आणि लेबर वेगळं." वहिनी म्हणाली, अहो पण गोठतंय की सगळं. तर म्हणे, "आत्ता गोठतंय, रात्री बंद पडलं तर आमची जबाबदारी नाही." आणि वर, "बंदच ठेवा, शॉर्ट होऊन आग लागू शकते." साठ किलो रस घेऊन बसलेल्या बाईला हे सांगायचं! मग खिशातून एक्स्चेंज ऑफरचा कागद. जुन्याचे दोन हजार, नवा एकवीस हजारांचा, हप्त्याने. कॉम्प्रेसरची वॉरंटी पाच वर्षांची होती, ती आदल्याच वर्षी संपलेली. व्हिजिट चार्ज घेऊन माणूस गेला. फ्रीझरचं झाकण पण त्याने उघडलं नव्हतं.

वहिनीने मला फोन केला. मी जेल रोडच्या एका काकांना फोन केला. ते आयटीआय केलेले, फ्रिजच्या कामात त्यांची चाळीस वर्षं गेलीत. काका स्कूटरवरून दुपारी तीनच्या उन्हात आले, पाणी प्यायले आणि म्हणाले, "ताई, तो पंखा बंद करा आणि टीव्ही पण. मला ऐकू द्या."

पाच मिनिटं ते नुसते उभे होते. मग खाली बसले, जाळीचे चार स्क्रू काढले, एक लांब स्क्रू ड्रायव्हर घेतला, टोक कॉम्प्रेसरला आणि मूठ कानामागच्या हाडाला लावून डोळे मिटून बसले, डॉक्टर छाती तपासतात तसे. मडक्यातून एकसारखा, शांत आवाज येत होता. मग क्लॅम्प मीटर. आकडा पाटीवरच्या आकड्यापेक्षा किंचित कमीच. मग त्यांनी वहिनीकडे लाटणं मागितलं. लाटण्याने कॉम्प्रेसरमधून निघणारी तांब्याची नळी हलकेच बाजूला दाबून धरली (ती नळी चटका देण्याइतकी गरम असते, म्हणून लाकूड) आणि घुर्रर्र एकदम बंद! लाटणं काढलं, परत सुरू. नळी बाजूच्या पत्र्याला टेकत होती.

का टेकत होती, हे मला जास्त आवडलं. ड्राय बाल्कनीच्या फरशीला पाणी वाहून जावं म्हणून उतार असतो. फ्रीझर चाकांवरचा. सहा वर्षांत तो हळूहळू उताराकडे कलला होता आणि एक चाक जवळजवळ हवेत होतं. कॉम्प्रेसरच्या चार पायांखालचे रबरी बुश नाशिकच्या सहा उन्हाळ्यांत वाळून खडखडीत झालेले. मडकं एका अंगाला झुकलं, नळी पत्र्याला लागली, पत्रा वाजायला लागला, आणि ती थरथर चाकातून स्लॅबमध्ये, स्लॅबमधून आजींच्या छताला. असा बारका, खालच्या सुरातला कंप हवेतून फारसा ऐकू येत नाही, पण सिमेंटमधून मजेत प्रवास करतो. रात्री रस्ता शांत झाला की उघडा पडतो, एवढंच.

काकांनी चार नवे बुश टाकले, नळी हाताने केसभर वाकवली, चाकांखाली जाड रबराच्या चकत्या ठेवल्या, वर वाटीत पाणी ठेवून लेव्हल बघितली. बुशांचे १६०, तपासणी आणि मजुरीचे ४००. एकूण ५६० रुपये.

आता आपल्यावर येते. ही गोष्ट मी घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकली तेव्हा पहिला प्रश्न काय आला असेल? "नळी वाकवायचे ४०० रुपये? लुटलंच की!" दुसरा, "हे तर आपण पण केलं असतं." अहो, कोणी केलं असतं? फ्रीझर तर महिनाभर वाजत होता, आणि लाटणी सगळ्यांच्याच घरात आहेत.

आणि इथेच माझं खरं भांडण आहे. आपण पार्टचे पैसे देतो, निदानाचे देत नाही. काकांनी अर्धा तास कान लावला त्याची आपल्या लेखी किंमत शून्य, कारण हातात काही वस्तू आली नाही. त्यांनी उगाच एक रिले बदलला असता, जुना रिले टेबलावर ठेवला असता, तर आपण ९०० रुपये हसत दिले असते. हे त्यांना कळत नाही असं वाटतं का तुम्हाला? ते स्वतःच सांगतात, तरुण पोरं त्यांच्या हाताखाली सहा महिने टिकत नाहीत. "ऐकण्याचे पैसे कोणी देत नाही ताई, मग पोरगं ऐकायला कशाला शिकेल? पार्ट बदलायला शिकतो." म्हणजे ज्या पोराने वहिनीच्या दारातून कॉम्प्रेसर मारून टाकला, तो आपल्याच घासाघिशीतून तयार झालेला आहे. डॉक्टरने तपासून "काही नाही, दोन दिवसांत बरं वाटेल" म्हटलं तर आपण फी देतो ना? तिथे "औषध तर दिलंच नाही, फी कसली" असं म्हणायची हिंमत करा बघू.

अर्थात याने कंपन्या सुटत नाहीत. जाहिरातीत मोठ्या अक्षरात कॉम्प्रेसरवर दहा वर्षांची वॉरंटी, आणि पहिल्या खडखडाटाला त्यांचाच माणूस म्हणतो कॉम्प्रेसर गेला. दोन्ही एकदम कसं खरं असेल? तरी त्या दहा वर्षांची बारीक अक्षरं वाचाच. बहुतेक ठिकाणी नुसतं मडकं फुकट असतं. गॅस, मजुरी, ने-आण तुमच्याकडे. गॅसवरून आठवलं, आवाजाच्या तक्रारीवर "गॅस भरावा लागेल" म्हणणारे पण भेटतात. फ्रिजमधला गॅस स्कूटरच्या पेट्रोलसारखा संपत नाही. नळ्या बंद असतात, तोच गॅस वर्षानुवर्षं फिरतो. कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे, आणि ती न शोधता भरलेला गॅस काही दिवसांत पुन्हा जाणार. शिवाय आता घरगुती फ्रिजमध्ये सर्रास आर-६००ए, म्हणजे आयसोब्युटेन असतो. ओझोनला निरुपद्रवी, पण पेट घेणारा. तो भरायचा तर नीट शिकलेला माणूस हवा.

पुण्याच्या चुलतभावाचा आक्षेप आधीच माहीत आहे. "ताई, जुनी यंत्रं वीज खातात. नवी घेणंच शहाणपणाचं." बरोबर आहे बाबा, काही वेळा आहेच. मी काही जुन्याच्या प्रेमात पडून रडणारी बाई नाही. गोदरेजने १९५८ साली देशात फ्रिज बनवायला घेतले त्या पिढीचे फ्रिज तीस तीस वर्षं चालले असं आपण कौतुकाने सांगतो, पण त्या काळच्या फ्रिजांत फिरणारा आर-१२ गॅस ओझोनच्या थराला भोक पाडत होता आणि म्हणूनच १९८७ च्या मॉन्ट्रियल करारानंतर जगाने तो टप्प्याटप्प्याने हद्दपार केला. त्यांची वीज पण जास्त लागायची. पण मग विजेचं बोलायचं तर विजेचं बोला. स्टारच्या लेबलवर वर्षाचे युनिट छापलेले असतात. जुन्याचे आणि नव्याचे वजा करा. फरक १०० युनिटचा आला आणि दर १० रुपये धरला, तर वर्षाला १,००० रुपये वाचले. एकवीस हजारांचा फ्रीझर त्यातून किती वर्षांत फिटतो ते तूच सांग, तू इंजिनिअर आहेस. हा हिशोब समोर मांडून कोणी नवा घेत असेल तर जरूर घ्यावा. आवाजाची भीती घालून विकू नये, इतकंच.

आणि हो, स्टारचं लेबल म्हटलं म्हणून. त्या लेबलवर तारे असतात, युनिट असतात, लिटर असतात. आवाज किती, हा आकडा नसतो. युरोपात १ मार्च २०२१ पासून फ्रिजच्या ऊर्जा लेबलवर आवाजाचे डेसिबल आणि त्याची ए ते डी अशी श्रेणी छापणं सक्तीचं आहे. ३० डेसिबलच्या खाली ए, ४२ च्या पुढे डी. म्हणजे तिथला माणूस दुकानातच म्हणू शकतो की हा आवाजाने मोठा आहे, मला नको. आणि नंतर यंत्र मोठ्याने वाजायला लागलं तर कशाशी ताडून बघायचं ते पण त्याच्याकडे असतं. आपल्याकडे "एवढा आवाज नॉर्मल आहे मॅडम" आणि "कॉम्प्रेसर गेलाय मॅडम" या दोन टोकांमध्ये एकही आकडा नाही. जो बोलेल तो खरा.

त्याच तारखेपासून युरोपात दुसरा नियम आला. फ्रिजचे थर्मोस्टॅट, सेन्सर, सर्किट बोर्ड हे भाग त्या मॉडेलची विक्री संपल्यावरही किमान सात वर्षं दुरुस्ती करणाऱ्यांना मिळाले पाहिजेत, आणि दाराचं रबर दहा वर्षं. "तिकडे कोणी दुरुस्त करत बसत नाही, टाकून देतात" हे परदेशातल्या भाचरांचं आवडतं वाक्य आहे, तर भाचरांनो, तिकडचे कायदे आता उलट्या दिशेने निघालेत.

आपल्याकडे हालचाल झालीच नाही असं नाही. २०१४ साली स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांना मिळून २,५४४ कोटींचा दंड ठोठावला होता. त्यातला एक मुख्य ठपका असा होता की सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती बाहेरच्या गॅरेजवाल्यांना मिळू देत नाहीत. (दंड पुढे अपिलात अडकला ते वेगळं.) जुलै २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. शेतीची अवजारं, मोबाइल, गाड्या आणि घरगुती उपकरणं अशी चार क्षेत्रं ठरली. २४ डिसेंबर २०२२ ला पोर्टल पण सुरू झालं. छान. पण पोर्टलवर कंपन्यांचे ग्राहक सेवा क्रमांक आणि वॉरंटीची माहिती असून वहिनीला काय उपयोग? त्या क्रमांकावरूनच तर तो मुलगा आला होता! काकांना हवाय तो सर्किट डायग्राम आणि योग्य किमतीत अस्सल पार्ट. इन्व्हर्टर फ्रिजचा बोर्ड बिघडला की काका हात वर करतात, त्यांना येत नाही म्हणून नव्हे. माहितीच मिळत नाही म्हणून.

बिंदुमाधव जोशींनी १९७४ साली पुण्यात ग्राहक पंचायत सुरू केली तेव्हा ग्राहक संरक्षण कायदा यायला अजून बारा वर्षं होती. मराठी माणसाला ग्राहक म्हणून भांडायला इतक्या आधी कोणी शिकवलंय, आणि आपण काय करतो, तर काकांशी ५० रुपयांवरून भांडतो आणि कंपनीच्या माणसाला मुकाट्याने व्हिजिट चार्ज देतो. त्या चार्जची पावती तरी मागा. त्यावर "काय तपासलं" हे त्याच्याकडून लिहून घ्या: व्होल्टेज किती होतं, करंट किती, रिले बघितला का, जाळी उघडली का. "कॉम्प्रेसर खराब" एवढंच लिहीत असेल तर कशावरून, हे विचारा. दुसरा माणूस वेगळं सांगत असेल तर तो कागद हातात हवा. तक्रार करायची तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर आहे, आणि तिथे पण पहिला प्रश्न कागदाचाच असतो. वहिनीने कागद मागितला नव्हता हे खरं, पण साठ किलो रस वितळायची धास्ती असलेल्या बाईला मी त्यावरून बोलणार नाही. मुद्दाम तशा वेळी घाबरवणाऱ्याला बोलेन.

अजून एक गोष्ट मला छळते. दोन हजारात उचललेला तो "मेलेला" फ्रीझर कुठे गेला असता? भंगारात? मला नाही वाटत. चार बुश बदलून, पुसून, एखाद्या आइस्क्रीमच्या गाडीवाल्याला विकला गेला असता आणि पुढची सहा वर्षं चालला असता. मग मेलं काय होतं?

असो. रस सगळा विकला गेला. आजींना एक डबा फुकट गेला, तो वहिनीने हट्टाने दिला. काकांचा नंबर इथे देणार नाही, ज्यांना हवाय त्यांनी मला फोन करा. रविवारी ते येत नाहीत, आणि नाशिकरोडच्या पुढे यायचं तर पेट्रोलचे वेगळे घेतात. फ्रिजवरची भांडी आधी उतरवून ठेवा, मागे बसायला जागा करा. आणि त्यांनी तपासून "काही झालेलं नाही, फक्त भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा" असं सांगितलं, तरी तपासणीचे पैसे पूर्ण द्यायचे. हे कबूल असेल तरच फोन करा :)